टेम्पोतून खोलीत आलो तो दिवस

अर्जांचा गठ्ठा सुतळीने बांधताना गोडादऱ्यातील आमच्या खोलीचा पहिला दिवस आठवतो. त्यापूर्वी नऊ वर्षे आम्ही उभयतांनी जुन्या टेम्पोत संसार केला. गावोगावच्या कचेऱ्यांबाहेर तो उभा करून मी लोकांचे अर्ज लिहून देत असे. चालत्या गाडीत भांडी बांधावीच लागत. पत्नीने सवयीने खोलीतही ती फळीला बांधली. शेजारीण हसली, “वहिनी, घर काय गिअर टाकून पळणार आहे?” “घर नाही, हे पळतील,” पत्नी म्हणाली आणि माझ्याकडे वळली, “अहो, इथून हलणार नाही, असं लिहून द्या.” मी तत्काळ विधिवत प्रतिज्ञापत्र लिहिले. ‘राहणार’ या शब्दापुढे नऊ वर्षांत प्रथमच स्वतःचा पत्ता घातला. तिने ते दोनदा वाचून घेतले आणि हसत गाठी सोडल्या. आजही तो पत्ता लिहिताना माझे अक्षर अंमळ मोठेच येते.