ऊन लागू नये म्हणून

समोर कोणीही येऊन उभं राहिलं की ती आधी त्याचा कान धरायची. भाव नंतर. कानाची पाळी दोन बोटांत धरून, डोळे बारीक करून जरा थांबायची आणि म्हणायची, "तापला. ऊन लागते तुले." मग ढिगातला एक लहान कांदा उचलून त्याच्या हातात द्यायची. "खिशात ठेव. घरी पोचेपर्यंत काढू नको."

राजापेठेत तुम्ही उन्हाळ्यात भाजी घ्यायला आला असाल, तर अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. कांद्या-बटाट्यांचा हातठेला, डोक्यावर ओला करून घेतलेला पदर, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडचा रसवंतीवालाही वळून पाहायचा. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. तिच्या ठेल्याला लागूनच मी हार करायला बसते. मी कमी बोलते, म्हणून ती दोघींचं मिळून बोलायची.

शिकवणीला जाणारी मुलं तिला हसायची. एकदा एक जण म्हणाला, "मावशी, खिशातून कांद्याचा वास येते. वर्गात सारे माह्यापासून दूर बसतात."

"बरं हाय ना मंग. हवा लागन तुले."

तिच्या ठेल्याखाली एक कुत्री राहायची. मातकट रंगाची, एका कानाला चीर पडलेली. मावशीने तिचं नाव भुरी ठेवलं होतं. भुरी आधी आमची नव्हती. ती एका काळ्या कुत्र्याबरोबर पलीकडच्या दुकानांसमोर फिरायची. मागच्या उन्हाळ्यात तो काळा भर दुपारी रस्ता ओलांडताना मध्येच डांबरावर बसला. पाय चटकत होते तरी त्याला उठता येईना. तोंडाला फेस आला. मावशी पाण्याची घागर उचलून धावली, पण पाणी अंगावर पडलं तेव्हा तो गेलेला होता. भुरी त्याला हुंगत उभी होती. मावशीने तिला कडेवर उचललं आणि ठेल्याखाली आणून सोडलं.

"हिले नाई जाऊ देणार," ती मला म्हणाली. "पायजो तू."

आणि खरोखर, एखाद्या लेकराची करावी तशी तिने त्या कुत्रीची काळजी घेतली. ठेल्याखाली पोतं अंथरायची आणि ते सुकलं की पुन्हा भिजवायची. माझ्या फुलांवरचं ओलं फडकं उचलून बिनदिक्कत भुरीच्या पोटाला लावायची आणि वर मलाच म्हणायची, "तुही फुलं काय मरतात काय?" पाण्याचं घमेलं होतं. त्यातलं पाणी कोमट झालं की ओतून नवीन भरायची. ऊन सरकलं की भरलेला ठेला ढकलून सावलीत न्यायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "मावशी, सकाळी तं तुमी तिकडं होत्या." दुपारी भुरी रस्त्यावर निघाली की मावशी तिथूनच ओरडायची, "ये भुरे, पाय भाजतीन! कुठं चालली, माहेरी?"

रसवंतीवाला चिडवायचा. "मावशे, कूलर लाव आता कुत्रीले."

"आणून दे तुह्या घरचा. तुही बायको तशीबी तुले बाहेरच झोपवते."

मावशी मूळची अंजनगावकडची. तिच्या घरी उन्हाळ्यात कांद्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नसे. ऊन लागलं तर तळपायाला कांद्याचा रस चोळायचा, कानामागे लावायचा, भाकरीबरोबर खायचा. आमच्याकडेही तेच. भुरीला खिसा नाही, म्हणून मावशी कांदा बारीक ठेचून ज्वारीच्या भाकरीत कुस्करायची, वर ताक ओतायची आणि दुपारी तिला भरवायची. भुरी तोंड फिरवायची. मावशी तिचा जबडा धरून घास आत सारायची.

"खाय. नाई तं त्या काळ्यावानी होशीन."

येणारे-जाणारे पाहायचे. कोणी म्हणालं नाही की असं करू नका. कौतुकच करायचे.

यंदा उन्हाळा कडक होता. एक दिवस भुरी उठलीच नाही. श्वास भरभर चालला होता, डोळे अर्धे मिटलेले. पोत्यावरच तिने लघवी केली, ती कोऱ्या चहासारखी तांबूस. रसवंतीवाला म्हणाला, ऊन लागलं. फळवाला म्हणाला, ऊनच. मावशीने तिचा कान धरला आणि गोंधळून माझ्याकडे पाहिलं.

"कान तं थंडा हाय वो."

तरी दुसरं काही तिला सुचेना. त्या दिवशी तिने जास्त कांदा ठेचला. दुपारी दिला, संध्याकाळीही दिला. दुसऱ्या दिवशी भुरीला मान धरवेना.

शेजारच्या ऑटोवाल्या भाईने आम्हा दोघींना जनावरांच्या दवाखान्यात नेलं. वाटेत मावशीने भुरीला मांडीवर ओल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून धरलं होतं. दारात पोचल्यावर मला पुढे ढकलत म्हणाली, "तू चौथी शिकली हायेस, तू बोल." मी तिच्याच मागे सरकले. शेवटी तीच बोलली.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने भुरीचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. त्या कागदासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. तिने विचारलं, "हिला खायला काय देता?"

मावशीने सगळं सांगितलं. भाकरी, ताक आणि कांदा. सांगताना तिचा आवाज जरा वर चढला होता, जणू हे तरी आपण चुकवलं नाही.

डॉक्टरने भुरीचा ओठ सोडला. मग हळू म्हणाली, "मावशी, कांद्याने कुत्र्याचं रक्त फुटतं. कच्चा असो की शिजवलेला. हिला ऊन लागलेलं नाही."

"माणसाले चालते अन् हिले कावून नाई?"

"त्यांचं रक्त वेगळं असतं. तुम्ही पाणी दिलं, सावली दिली, ओलं पोतं दिलं, दुपारी रस्त्यावर जाऊ दिलं नाही. ते सगळं बरोबर केलं. फक्त कांदा नको होता."

मावशीने त्यातलं शेवटचं तेवढंच ऐकलं. सलाईन चालू असेपर्यंत ती भिंतीकडे तोंड करून बसली. डॉक्टर मला म्हणाली, "रक्त खूप कमी झालंय. आता हिच्या पोटात काहीतरी जायला हवं. मऊ दहीभात द्या, थोडा थोडा."

संध्याकाळी आम्ही भुरीला परत ठेल्याखाली आणलं. दुसऱ्या दिवशी मावशी घरून दहीभात घेऊन आली. डबा माझ्यासमोर ठेवला. "तू चार. माह्या हातचं नको."

मी घास भुरीच्या तोंडाशी नेला. तिने हुंगला आणि मान मावशीकडे वळवली. मी पुन्हा नेला. पुन्हा तेच. मावशी बटाटे निवडत होती, चांगलेच बटाटे बाजूला टाकत होती. ऑटोवाल्या भाईने चारून पाहिलं. भुरी त्याच्याकडेही वळली नाही. दुपार सरत आली, भात सुकायला लागला.

मला बोलायची सवय नाही. पण त्या दिवशी बोलले. "मावशी, ते तुह्या हातचं मागून राहिली. उपाशी मारतं काय तिले?"

मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, आता ही मला मारते. मग पदराला हात पुसले. पुन्हा धुतले. पुन्हा पुसले. खाली वाकली, बोटभर भात घेतला आणि भुरीच्या ओठांना लावला. भुरीने जीभ काढून तो चाटला. मग आणखी घेतला. अर्धा भात पोत्यावर सांडला. भुरीने तोही खाल्ला.

सकाळी मी आले तेव्हा मावशी ठेल्याखाली बसलेली होती. भुरी ताठ झाली होती.

"माह्या हातचंच खाऊन गेली," ती म्हणाली.

त्यानंतर तिने ठेला विकला आणि ती अकोल्याला मुलाकडे गेली. आता तिच्या जागी नारळपाणीवाला बसतो.

परवा अकोल्याला लग्नाला गेले होते, तेव्हा तिच्या घरी जाऊन आले. ती वाळली होती. माझ्याशी लग्नाबद्दल बोलली, फुलांबद्दल बोलली, रसवंतीवाल्याची बायको त्याला अजून बाहेरच झोपवते का, ते विचारलं. तेवढ्यात दारात एक कुत्रं येऊन धापा टाकत उभं राहिलं. मावशी उठली. घमेल्यात पाणी ओतून तिने ते पायरीवर, सावलीच्या बाजूला ठेवलं. आतून सून रात्रीची पोळी घेऊन आली. मावशीने ती तिच्या हातातून काढून घेतली.

"पाणी पिऊ दे फक्त."

आणि तिने दार लोटून घेतलं. बाहेर कुत्रं लपलप पाणी पीत होतं. तो आवाज थांबेपर्यंत मावशी दाराला पाठ लावून उभी राहिली.