मारकी गोळी

मोठी म्हणजे माझी थोरली जाऊ. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये ती स्वयंपाकीण. एखादं मूल बुडेल एवढ्या पातेल्यात कालवण ढवळायचं, पळीवरचा थेंब तळहातावर घ्यायचा, डोळे मिटून चाटायचा आणि सांगायचं, "मीठ कमी." अख्ख्या शिफ्टची माणसं तिच्या जिभेच्या भरवशावर जेवतात. चाखून कळत नाही असंही जगात काही असतं, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

तिचा नवरा, म्हणजे माझे मोठे दीर, त्यांना मी भाऊजी म्हणते. ते त्याच कारखान्यात लेथवर होते. एक दिवस चालू मशीनवर त्यांना फिट आली. शेजारच्याने मशीन बंद करेपर्यंत उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. मग मशीनही गेलं. कंपनीने त्यांना गेटवर बसवलं, आल्यागेल्या गाड्या बघायला. फिट मात्र सुटली नाही.

ज्यांनी ती बघितलेली नाही त्यांना वाटतं, माणूस बेशुद्ध पडतो, पाणी मारलं की उठतो. तसं नसतं. धडधाकट माणूस उभ्याउभ्या झाड तोडल्यासारखा कोसळतो. दात आवळले जातात, जीभ मध्ये सापडते, तोंडातून रक्ताचा फेस येतो. टाचा फरशीवर अशा आपटायच्या की वरच्या मजल्यावर माझ्या स्वयंपाकघरात कपबश्या वाजायच्या. त्या वाजल्या की मी हातातलं टाकून जिना उतरायची. मोठी आधीच त्यांना कुशीवर वळवून बसलेली असायची. अशाच एका झटक्यात त्यांचं कोपर तिच्या तोंडावर बसलं आणि पुढचा दात तुटला. तो तिने मुठीत धरला आणि रक्त गिळत म्हणाली, "माझा गेला तर गेला. त्यांचा श्वास चालू आहे ना, बघ."

गोळ्या होत्या, पण भाऊजी त्या कधी घ्यायचे, कधी विसरायचे. मग मोठ्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, फिटवर एक नवीन औषध आलंय, त्याची चाचणी चालू आहे, येता का? आम्ही सगळेच गेलो. सासूबाईंनाही घरी राहवेना. चाचणीचं काम बघणारी सिस्टर तोंडाने मोकळी होती. तिने समजावलं, की प्रयोगशाळेत ढीगभर रसायनं तपासतात, त्यातलं एखादं हाती लागतं. ते आधी उंदरांना देतात, मग धडधाकट माणसांना थोडंथोडं देऊन बघतात, आणि मग आजाऱ्यांची पाळी.

"म्हणजे उंदरांनंतर माझा मुलगा?" सासूबाईंनी विचारलं.

"मध्ये बरीच माणसं होऊन गेलीत, आजी. उंदरांच्या पंगतीला नाही बसवत आम्ही त्यांना."

मग तिने मुख्य गोष्ट सांगितली. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना कोरी. दिसायला सारखी, पण आत औषध नाही. जुनी गोळी मात्र दोन्ही गटांनी घ्यायचीच, आणि वेळेवर. कुणाला कुठली मिळाली ते रोग्याला माहीत नसतं, डॉक्टरलाही नसतं.

"तुम्हाला तरी?" मोठीने हळूच विचारलं.

"मला कळलं तर माझ्या तोंडात तीळ भिजेल का, ताई? म्हणून तर मलाही सांगत नाहीत."

काय काय त्रास होऊ शकतो तेही डॉक्टरीणबाईंनी वाचून दाखवलं. चक्कर, झोप, मळमळ. "आणि काही जणांना राग अनावर होतो. तसं झालं तर लगेच सांगायचं. गोळी कमी करावी लागते, कधी बंदही." इतका वेळ भाऊजी फरशीकडे बघत होते. तेव्हा त्यांनी मान वर केली.

गोळ्या घरी आल्या त्या दिवशी मोठीने एक काढून जिभेच्या टोकाला लावली. तोंड वाकडं केलं आणि मला मिठीच मारली. "धाकटे, कडूजहर आहे गं! कोरी असती तर पिठूळ लागली असती. आपल्याला खरी मिळाली." मी वर जाऊन देवापुढे दिवा लावला. दुसरं काय करणार?

आणि फिट खरंच कमी झाली. आठवड्याला यायची ती महिन्यावर गेली. माझ्या कपबश्या गप्प झाल्या. मग खालून दुसरे आवाज यायला लागले.

पहिल्यांदा ताट. भाजी गार म्हणून ते भिंतीवर गेलं. पुढच्या वेळी ते मोठीच्या कानशिलावर गेलं. मग कमरेचा पट्टा. एकदा मी खाली गेले तर भाऊजींनी तिचे केस मुठीत धरून तिला मोरीपर्यंत फरफटत नेलेलं, आणि तिचं तोंड नळाखाली दाबून धरलेलं. तिचे हात नुसते हवेत. मी मध्ये पडले, तर लाथ माझ्या मांडीवर बसली. पुढे बरेच दिवस मी लंगडत होते. माझे यजमान जाब विचारायला गेले. भाऊजी शांतपणे म्हणाले, "मी काय करू? डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. औषधाचा परिणाम आहे."

मोठीही तेच म्हणायची. मी तिच्या पाठीवर हळद लावत होते. पाठ कुठे निळी, कुठे काळी, पट्ट्याच्या बकलाचे चौकोन उठलेले. आणि ती म्हणाली, "ते मारत नाहीत गं. औषध मारतं."

"काय बोलतेस!"

"खरं तेच. कोरी गोळी कधी कुणाला मारेल का? प्रत्येक दणक्याला मला वाटतं, लागू पडतंय."

"मग सांग ना सिस्टरला. कमी करतील."

"कमी कसलं, बंद करतील. आणि परत टाचा घासताना बघू त्यांना? मार खाऊन मी मरत नाही, धाकटे. ते मात्र फिटमध्ये मरतील. एखाद्या दिवशी मी कँटीनमध्ये असेन, आणि जवळ वळवायला कुणी नसेल."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फक्त इथे तोंड दाबणारा हात तिचा स्वतःचा होता.

दर भेटीला सिस्टर आधी भाऊजींना विचारायची आणि मग मोठीकडे वळायची, "ताई, घरी काही वेगळं जाणवलं? कितीही बारीक असू दे." मोठी म्हणायची, "छे, काही नाही. देवाची कृपा." सासूबाई टेबलाखालून तिच्या पायावर पाय ठेवून बसलेल्या. एकदा सिस्टरला तिचं निळं पडलेलं मनगट दिसलं.

"हे काय?"

"पातेलं लागलं. कँटीनमध्ये."

"तुमच्याकडची पातेली फार मारकी दिसतात," सिस्टर म्हणाली. तिने जरा वेळ वाट बघितली. भाऊजी खिडकीबाहेर बघत होते. मोठीने पदर मनगटावर ओढला.

मला एक गोष्ट मात्र खटकत होती. गेटवर भाऊजींचा आवाज कधी चढला नाही. ड्रायव्हर शिव्या घालून जायचे, हे हसून घ्यायचे. साहेबांची गाडी आली की उठून उभे. माझे यजमान त्यांच्या तोंडावर बोलले, त्यांच्यावरही हात उचलला नाही. मी मोठीला म्हटलंसुद्धा, "हे औषध माणूस बघून चढतं का गं?" तिने कांदा चिरता चिरता माझ्याकडे असं बघितलं, की मी विषय बदलला.

शेवटी तोंड उघडलं ते बिट्टीने. बिट्टी ही मोठीची एकुलती एक लेक, कॉलेजात जाणारी. रविवारी दुपारी जेवणं चालली होती. मी खाली लोणचं द्यायला गेले होते. भाऊजींनी पाण्याचा तांब्या मोठीवर फेकला. बिट्टी ताटावरून उठली आणि म्हणाली, "बाबा, गोळीचं नाव सांगून अजून किती मारणार आहात?"

भाऊजी उठले. त्यांनी तिची वेणी हाताला गुंडाळली आणि तिचं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. फळ फुटावं तसा आवाज झाला. रक्त तिच्या डोळ्यांत उतरलं. त्यांनी परत डोकं मागे ओढलं. सासूबाई "अरे, पोरगी आहे रे!" म्हणून ओरडल्या. मी त्यांच्या हाताला लोंबकळले, पण तीन बोटांचा तो हात लोखंडाचा झाला होता.

मोठी गॅसपाशी होती. तिने चिमट्याने तवा उचलला, आणि मग चिमटा टाकून दोन्ही हातांनी त्याची कड धरली. हात भाजत होते तरी तिने तो भाऊजींच्या डोक्यात घातला. ते पडले. ते उठायला लागले तसा तिने परत घातला. तिसऱ्यांदा तवा वर गेला तेव्हा मी तिचं मनगट धरलं.

"सोड, धाकटे."

"मरतील ते!"

"सोड म्हणते ना!"

तिच्या तळव्यांची कातडी तव्याला चिकटली होती. तवा तिच्या हातून मीच सोडवला.

हॉस्पिटलात तिघांना तीन ठिकाणी नेलं. बिट्टीच्या कपाळाला टाके. मोठीच्या हातांना पट्ट्या. भाऊजी शुद्धीवर येईनात. त्यांच्या अंगात कुठलं औषध आहे हे कळल्याशिवाय पुढची इंजेक्शनं द्यायला डॉक्टर कचरत होते. डॉक्टरीणबाईंनी चाचणीच्या ऑफिसला फोन लावला. अशा अडचणीच्या वेळी एका रोग्यापुरतं गुपित उघडता येतं म्हणे.

तोवर सिस्टर बाकावर मोठीच्या शेजारी येऊन बसली. आणि मोठीने ताटापासून नळापर्यंत सगळं सांगून टाकलं. रडली नाही. सिस्टरचा चेहरा लाल होत गेला.

"इतके महिने? ताई, आम्ही काय गंमत म्हणून विचारत होतो? तुम्ही गप्प राहिलात, म्हणजे आमच्या हिशेबी गोळी निर्धोक. उद्या ती बाजारात येईल. मग तुमच्यासारखं किती घरांत होईल, याचा विचार केलात?"

"मी माझ्या घराचाच केला," मोठी म्हणाली. "दुसरा सुचलाच नाही."

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. भाऊजी शुद्धीवर आले होते आणि त्यांनी स्वतःच सगळ्यांसमोर सांगायला सांगितलं होतं. त्यांना वाटत होतं, गोळी खरी निघाली की आपली सुटका होणार. आम्ही त्यांच्या कॉटभोवती उभ्या राहिलो. डोक्याला पट्टी, एक डोळा सुजून बंद.

"तुमची गोळी कोरी होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून."

मोठीच आधी म्हणाली, "नाही. मी चाखली होती. कडू होती."

"कोरीलाही तोच कडू लेप असतो," सिस्टर म्हणाली. "लोक चाखून बघतात, ते काय आम्हाला ठाऊक नाही?"

"मग माझी फिट कशी कमी झाली?" भाऊजींनी विचारलं.

"जुनी गोळी वेळच्या वेळी पोटात गेली म्हणून असेल. चाचणीत विसरून चालत नाही ना. शिवाय नुसत्या भरवशानेही काहींना फरक पडतो." डॉक्टरीणबाईंनी हातातली फाईल मिटली. "रागाचं मला सांगता येणार नाही. तो आम्ही दिलेला नाही."

भाऊजींचा उघडा डोळा एकेकीवरून फिरला. "मला काय माहीत? मला वाटलं, औषधच..."

"मलाही तेच वाटलं," मोठी म्हणाली.

सासूबाईंनी लगेच तिचा दंड धरला. "झालं ते झालं. आता चुकून बोलू नकोस कुठे. याचे वडीलही तापट होते, मी काढलेच ना दिवस? संसार असाच असतो."

"काढलेत, आई. म्हणून यांना ते बघता आलं," मोठी म्हणाली आणि दंड सोडवून घेतला.

त्याच संध्याकाळी मोठी, बिट्टी आणि मी पोलीस चौकीत गेलो. माझ्या यजमानांनी नको नको म्हटलं, आणि मग त्यांनीच रिक्षा थांबवली. चौकीतला हवालदार वयस्क होता. मोठीने त्याला आधी फिटचं सांगितलं, मग माराचं. त्याने बिट्टीच्या टाक्यांकडे बघितलं, मोठीच्या पट्ट्यांकडे बघितलं, आणि पेनाचं टोपण काढलं नाही.

"नवरा दारू पितो?"

"नाही."

"मग? डोक्याचा आजार म्हणता ना? आजारात माणूस करतो असं. घरी जा, डॉक्टरांना दाखवा."

"डॉक्टरांकडूनच आलोय," मोठी म्हणाली. "आजार आहे. तो येतो तेव्हा त्यांना काही कळत नाही, आणि मी जवळ बसते. मारताना त्यांना सगळं कळायचं. शेजारी ऐकतील म्हणून आधी खिडकी लावून घ्यायचे."

हे तिने मलाही कधी सांगितलं नव्हतं. हवालदाराने टोपण काढलं.

"तवा मी मारला," ती म्हणाली. "दोनदा. तेही लिहा. जे होईल ते मी बघेन. फक्त त्यांच्या नावापुढे औषधाचं नाव लिहू नका."