विहिरीकडची दोन बेटं

आमच्या गिरीजच्या वाडीत राजेळी केळीची पाच बेटं आहेत. लग्नात माहेराहून एकाच केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं आणून आपण ती लावली, असं सासूबाई येईल-जाईल त्याला सांगतात. मुलगी बी.एस्सी.ला आहे. कॉलेजातल्या मॅडमनी तिला जुन्या केळींचा अभ्यास दिला, तेव्हा तिनं हीच बेटं निवडली. कोवळी पानं बर्फाच्या डब्यातून नेली. पान मशीनवर तपासलं की झाड कुठल्या कुळाचं ते कळतं, असं तिनं मला समजावलं. त्या दिवसापासून माझं कामात लक्ष लागेना.

गेल्या महिन्यात ती रडवेली होऊन आली. दोन बेटं एकसारखी निघाली होती, उरलेली तीन त्यांच्याहून वेगळी. पुन्हा पानं नेली, पुन्हा तेच. मॅडम म्हणाल्या, नमुने मिसळलेत. सोमवारपासून हे काम दुसऱ्या मुलीकडे.

"माझाच हात कच्चा आहे, आई."

सासूबाई सुकेळी वाळवायला केळी सोलत होत्या. "एका आईची पिलं वेगळी कशी निघतील? तुमचं मशीनच आंधळं. माझ्यासारखं त्याचंही मोतीबिंदूचं ऑपरेशन करा."

मुलगी हसली नाही. मला ते ऑपरेशन आठवलं. तेव्हा त्या महिनाभर नणंदेकडे विरारला होत्या. जाताना म्हणाल्या होत्या, "माझी केळी तुझ्या हाती." त्याच दिवसांत वाडीत पाणी साचून राहिलं. विहिरीकडची जागा उंच, तिथली दोन बेटं तगली. बाकी तिन्हींचे गड्डे कुजले. मी गुपचूप सांडोरला माझ्या माहेरी गेले, तिथल्या राजेळीची पिलं आणली आणि त्याच जागी लावली. सासूबाई परतल्यावर म्हटलं, जुनी मोडली, ही त्यांचीच पिलं.

आता मुलीकडे बघवेना. मी सगळं सांगून टाकलं.

सासूबाईंची सुरी थांबली. "म्हणजे इतकी वर्षं तुझ्या माहेरचं केळं मी माझं म्हणून वाटत होते?"

"हो."

"तेव्हा तोंड नव्हतं तुला?"

"नव्हतं."

त्या उठून आत गेल्या. मुलगी हळूच म्हणाली, "आई, हे मॅडमना सांगशील?"

मला चार माणसांत बोलता येत नाही. तरी सोमवारी गेले. मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी सांडोरची पानं आणायला लावली. ती आमच्या तीन बेटांशी जुळली. काम मुलीकडेच राहिलं.

तोवर सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. मुलीनं जुळल्याचं सांगितलं, त्या संध्याकाळी त्या कुदळ घेऊन विहिरीकडे उभ्या दिसल्या. मी गेले. कुदळ माझ्या हातात देत म्हणाल्या, "माझ्या ह्या दोन बेटांतलं एकेक पिल काढ. आणि ह्या वेळी उंचावर लाव."

माझं लावून होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.