राखदाणीमागचे दोन स्क्रू

ही गोष्ट मी आजवर कोणाच्याच कानावर घातलेली नाही. बायकोच्या नाही, सख्ख्या भावाच्याही नाही. आम्ही वऱ्हाडी माणसं तोंडाची फटकळ म्हणून बदनाम, पोटात काही ठेवत नाही म्हणे! ठेवतो, राजेहो. मी बारा वर्षं ठेवलं आहे. अमरावतीच्या एका तंत्रशाळेत मी पोरांना पत्रा कापायला आणि कानस चालवायला शिकवतो. हाताखालून किती पोरं गेली, सगळी मला सर म्हणतात. रस्त्यात भेटली की सायकलवरून उतरतात. त्यांनी उतरू नये असं मला प्रत्येक वेळी वाटतं, आणि प्रत्येक वेळी मी मान हलवून पुढे जातो.

सांगायला बसलो आहे तर सुरुवातीपासून सांगतो. मधेच पळ काढायला मला फार सवय आहे.

सत्तावन-अठ्ठावनचा सुमार. अकोल्याला ताजनापेठेत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक बाक, एक टेबल आणि मागे उघडे पडलेले रेडिओ. तिथे किसन यायचा. किसन एका जीनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटरच्या हाताखाली होता. पण त्याचा खरा हात दिसायचा तो भांड्यांवर. आपल्याकडे लग्नात तांब्या-पितळेची भांडी देतात, त्यावर देणाऱ्याचं नाव घालतात ना — बारीक छिन्नीनं, टिंबाटिंबांनी — ते काम किसन करायचा. अक्षर असं, की ताटातली भाजी संपवून माणसानं नाव वाचत बसावं. बाजारातल्या भांड्याच्या दुकानात मात्र त्याला कोणी ओट्यावर बसू दिलं नसतं. त्याची वस्ती छप्पन साली बौद्ध झाली, किसनही झाला. दुकानांचे ओटे होते तिथेच राहिले. म्हणून तो वस्तीतल्या लग्नांची भांडी करायचा, झाडाखाली बसून.

मी त्याच्या घरी चहा पीत असे. आणि याचा मला अभिमान होता. पाहा, चहा प्यायचासुद्धा अभिमान! तेव्हाच मी स्वतःला ओळखायला हवं होतं.

किसनची एकच इच्छा होती, आणि ती त्यानं मला शंभरदा सांगितली होती. "मले एकच इद्या येते वामन, अन् मले ते शिकवाची हाये. पोट्टे समोर बसले पाह्यजेत. खुर्ची नसली तरी चालते." पण शाळेत शिरायला कोणा मोठ्या माणसाचा शब्द लागतो. किसनसाठी शब्द टाकणारं कोण होतं?

तर अमरावतीच्या कॅम्पात एक वकीलसाहेब राहत. त्यांच्या वडिलांची जुनी मोटार होती, लढाईच्या आधीची, कॉफीच्या रंगाची, अजून चकचकीत. वकीलसाहेबांनी मुंबईहून मोटारीत बसवायचा रेडिओ मागवला. आता ती गाडी झाली तेव्हा गाडीत रेडिओ असतो हेच कोणाला ठाऊक नव्हतं. डॅशबोर्डात त्याला जागा कुठली? मधोमध घड्याळ, खाली सिगारेटची राख झटकायची छोटी राखदाणी, बाकी सपाट पत्रा. अमरावतीच्या दोघा मिस्त्रींनी सांगितलं, पट्टी मारून खाली लटकवू. वकीलसाहेब भडकले. वडिलांच्या गाडीला काय घंटा बांधायची? त्यांची अट एकच होती: रेडिओ गाडीबरोबरच आला असं दिसलं पाहिजे. स्क्रू दिसता कामा नये, सांधा दिसता कामा नये.

कोणी तरी माझं नाव सुचवलं आणि गाडी आठ दिवसांसाठी अकोल्याला आली. मी हो म्हणून बसलो होतो. डॅशबोर्ड पाहिला आणि कळलं, हे माझ्या हातचं नाही. बापाची आठवण म्हणून जपलेली गाडी, एक काप चुकला की संपलं! मी किसनला बोलावलं.

त्यानं काय केलं ते मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. आधी दोन दिवस त्यानं पत्र्याला हातच लावला नाही. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा खाका कापला. लावला, काढला, पुन्हा कापला. असे पाच खाके. मी चिडून म्हणालो, लेका, मोटार आहे, अंगरखा नाही! तो हसला. मग पत्र्यावर छिन्नीनं टिंबं टाकली, अगदी भांड्यावर टाकतो तशी, सगळीकडून. टिंबांना बारीक भोकं पाडली आणि भोकाभोकांमधला पत्रा कानशीनं खाल्ला. "नाव टाकतो तसंच हाये हे," तो म्हणाला. "टिंबं मारत जायाचे, मंग जोडाचे. घाई केली का अक्षर गेलं." रेडिओच्या तोंडाला त्यानं पत्र्याची एक पाटी केली. ती डॅशबोर्डाच्या उताराला अशी मिळाली, की रंग दिल्यावर नखाला सांधा लागेना. आणि ती पाटी कशावर धरली आहे, हे मलाही कळलं नाही. मी विचारलंही नाही. मी माझ्या तारा जोडण्यात होतो. इंजिनची खरखर रेडिओत येऊ नये म्हणून करायचं ते केलं, एरियल बसवली. तेही कामच होतं. पण तसलं काम अकोल्यात आणखी चौघं करत होते.

गाडी पोचवायचा दिवस आला. किसननं जीनमधून रजा घेतली होती. धुतलेला सदरा घालून तो सकाळीच दुकानापाशी उभा. मी त्याला म्हणालो, गाडीत जागा नाही रे.

गाडीत आम्ही दोघं होतो. मी आणि ड्रायव्हर.

काहून म्हणालो मी तसं? तेव्हा तर मला शाळेचं, नोकरीचं काहीच माहीत नव्हतं. बंगल्यावर त्याला आत घेतील की नाही, बाहेर उभा राहिला तर मला कसं वाटेल, असलं काहीतरी मनात होतं. वकीलसाहेब तसे होते की नव्हते, मी पाहिलंच नाही. त्यांच्या वतीनं मीच दार लावून घेतलं. किसन म्हणाला, "जाय, जाय. पर ते काय म्हनतात ते सांगजो बरं." एवढंच.

वकीलसाहेबांनी डॅशबोर्डावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. चष्मा काढून पाहिलं. बटण दाबलं, जरा वेळानं नागपूर लागलं, आणि गाण्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते पत्राच पाहत होते. म्हणाले, "हे कापकाम कोणाचं?"

मी म्हणालो, "माझंच."

एक शब्द. विचार करायला वेळ मिळाला नाही म्हणावं, तर खरं बोलायला तरी वेळ कुठे लागतो? वकीलसाहेब तंत्रशाळेच्या मंडळावर होते. पत्राकामाला शिक्षक मिळत नव्हता. त्यांनी तिथेच, मडगार्डवर कागद ठेवून चिठ्ठी लिहिली. असा हात शाळेत पाहिजे, म्हणाले. किसनला जन्मभर लागत होती ती चिठ्ठी मी माझ्या खिशात घालून मूर्तिजापूरमार्गे घरी आलो.

तुम्ही म्हणाल, झाली कबुली. नाही, अजून झाली नाही. इथवरचं तर मी कधीतरी दारूत कोणाला सांगूनही टाकलं असतं.

नोकरी लागली. पण मला कानस कुठे धरता येत होती! रुजू व्हायच्या आधी मी पंधरा दिवस किसनकडेच शिकलो. त्याला सांगितलं, दुकानात उपयोगी पडेल. त्यानं मन लावून शिकवलं, माझे हात धरून. त्याचा पहिला विद्यार्थी मी, आणि शेवटचाही मीच. शाळेत मी पोरांना आजही सांगतो, आधी टिंबं मारायची, मग जोडायची. पोरं त्याला वामनसरांची पद्धत म्हणतात. नोकरी लागल्याचं कळलं तेव्हा किसननं मला पेढा भरवला. कशी लागली, हे त्यानं विचारलं नाही.

दोन वर्षांनी रेडिओ बिघडला, नुसताच गुणगुणायला लागला. वकीलसाहेब गाडी घेऊन थेट शाळेत. तुम्हीच बसवला, तुम्हीच काढा. पोरं गोळा झाली, सर आता कसा काढतात पाहायला. आणि मला तो काढता येईना! स्क्रूच सापडेना. अकोल्याहून सामान आणावं लागेल, गाडी राहू द्या, असं सांगून मी दुसऱ्या दिवशी अकोल्याची बस धरली.

किसन जीनच्या फाटकापाशी भेटला, केसांत कापूस. मी विचारलं तर खूश झाला. "राखदाणी ओढून काहाड. तिच्यामांगं दोन स्क्रू हाये. आंधी डावा ढिला करजो, नाईतं पाटी वाकन." मग जरा थांबून म्हणाला, "वकीलसाहेब काही म्हनले का रे? कापकामाचं?"

मी म्हणालो, "मोठी माणसं ती. त्यांना काय कळतं त्यातलं!"

त्याचा चेहरा पडला, मग लगेच सावरला. "बरं. पर पाटी निंगाली का उलटी करून पाह्यजो." आणि हसला, पोरानं काही लपवून ठेवावं तसा.

शाळेत मधल्या सुट्टीत, पोरं डबे खायला गेलेली असताना, मी राखदाणी ओढली. दोन स्क्रू होते. आधी डावा, मग उजवा. पाटी अलगद हातात आली. उलटी केली. भांड्यावर असतं तसं टिंबाटिंबांचं, सुरेख, नाव घातलेलं होतं:

किसन व वामन, अकोला.

दोघांचं. सारं काम त्याचं, आणि त्यानं नाव दोघांचं घातलं होतं. हजार भांड्यांवर त्यानं दुसऱ्यांची नावं घातली. स्वतःचं घातलं ते या एका ठिकाणी, कोणाला दिसणार नाही अशा बाजूला, आणि तिथेही मला शेजारी बसवलं. त्याच्या गाडीत मला जागा होती.

आता सांगतो. मी पाटी शिकंज्यात धरली, बारीक कानस घेतली, आणि ‘किसन व’ एवढं घासून काढलं. माझं नाव ठेवलं. किसननं शिकवलं होतं तसं, पुढे जाताना दाब, मागे येताना सैल, अगदी सपाट घासलं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात साफ काम. सुट्टी संपायच्या आत झालंसुद्धा. चार वाजता वकीलसाहेब आले, त्यांनी पाटी उलटसुलट पाहिली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. नाव घातलंत, छान केलंत, म्हणाले. मी हसलो.

पुढच्या खेपेला किसननं विचारलं, "पाह्यलं का उलटं करून?" मी म्हणालो, घाईत होतो रे, राहून गेलं. "असू दे," तो म्हणाला, "हाये तिथं. जाते कुठं?" पुन्हा कधी त्यानं विचारलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात किसन काविळीनं गेला. जीनमध्येच होता शेवटपर्यंत, फिटरच्या हाताखालीच. मी भेटायला गेलो. त्याच्या बायकोनं पाणी दिलं, चहा दिला. मी तो प्यायलो. ती म्हणाली, "तुमचं नाव लय घेत भाऊजी. पोराइले सांगत, आमच्या दोघाइचं नाव अमरावतीच्या वकिलाच्या गाडीत हाये. कोनी तरी एक दिवस पाहीन म्हने."

मी कप खाली ठेवला आणि बसची वेळ झाली म्हणालो. बसला तासभर होता.

वकीलसाहेबांनी यंदा गाडी मोडीत काढली. पाटी तेवढी माझ्याकडे पाठवली, तुमचं नाव आहे, तुम्हीच ठेवा म्हणून. ती माझ्या पेटीत आहे. नाव वामनचं आहे, अक्षर किसनचं आहे. त्याच्या डावीकडे बोट फिरवलं की पत्रा जरासा खोलगट लागतो.

उद्या सोमवार. पहिल्याच तासाला नवीन पोरं आहेत, त्यांना टिंबं मारायला शिकवायचं आहे.