गौदेन्झियो बटणवाल्याचं पत्रक

इटलीतल्या आमच्या पो नदीकाठच्या गावांत माणूस गेला की आधी भिंतीवर लागतो. निधनाचं पत्रक, त्यावर काळी चौकट, फोटो, चर्चची वेळ आणि खाली दुःखी कुटुंबीयांची नावं. लोक सकाळची कॉफी घ्यायच्या आधी ती वाचतात आणि कोणाचं नाव गाळलंय यावर दिवसभर तोंडसुख घेतात.

गौदेन्झियोच्या पत्रकावर एकच नाव होतं, पत्नी अर्मिदा. दुसरं छापायला होतं कोण? एकुलती एक नोएमी एकोणिसाव्या वर्षी धुक्यात स्कूटरच्या अपघातात गेली, त्याला वीस वर्षं झाली.

तेव्हापासून हा माणूस घरात मुका झाला होता. पहाटे बटणं, चेन, इलॅस्टिकची गाडी घेऊन रोज वेगळ्या गावच्या बाजाराला जायचा. संध्याकाळी यायचा, सूप प्यायचा, झोपायचा. लेकीचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. अर्मिदा त्याच्या बाजारात कधी गेली नव्हती. आता मात्र त्या गावांना कळवायला मीच जाणार, असा तिनं हट्ट धरला. तिचा धाकटा भाऊ ओत्ताव्हियो कुरकुरत गाडी चालवायला बसला.

साब्बिओनेताच्या बाजारात ती पत्रक चिकटवत होती, तेवढ्यात एक शिंपीण येऊन उभी राहिली.

"अरे देवा, गौदेन्झियो गेला? तुम्ही मिसेस ना त्यांच्या? पण पोरीचं नाव कुठाय?"

"कुठली पोर?"

"अहो, नोएमी! तोरिनोची मास्तरीण. मागच्याच महिन्यात तिच्या धाकटीच्या झग्याला बटणं निवडली मी नि गौदेन्झियोनं मिळून."

अर्मिदाचा हात थांबला. "नोएमी वारली," ती म्हणाली. "वीस वर्षं झाली."

शिंपिणीनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि लगबगीनं शेजारच्या चीजवाल्याकडे गेली. "डोकं फिरलेलं होतं म्हण की बटणवाल्याचं," चीजवाला म्हणाला आणि हसला. ते अर्मिदाला स्पष्ट ऐकू आलं.

गाडीत बसल्यावर ओत्ताव्हियो म्हणाला, "शोभा झाली. चल, घरी जाऊ."

"गप बस तू! माझ्याशी एक शब्द बोलला नाही रे तो. मी एकटीनं रडून घेतलं. आणि इथे परक्या बायकांपुढे नातवंडं मिरवत होता!" संतापानं तिला धाप लागली. मग उरलेली पत्रकं मांडीवर नीट लावून तीच म्हणाली, "व्हियादानाला घे."

व्हियादानात कॉफीवालीनं तोच प्रश्न केला. या वेळी अर्मिदानं खरं सांगितलं नाही, खोटंही नाही. "आणखी काय सांगायचे ते?" एवढंच विचारलं.

कॉफीवालीला तेवढंच हवं होतं. नोएमीच्या लग्नात कसा पाऊस पडला, थोरल्याचे कान कसे आजोबांवर गेलेत, तो पोहायला किती घाबरतो, सगळं सांगितलं. अर्मिदा कप हातात धरून ऐकत राहिली. कॉफी निवून गेली. ओत्ताव्हियोनं दोनदा हॉर्न वाजवला तरी तिचा पाय निघेना.

ग्वास्ताल्लाला पोचेपर्यंत दिवे लागले होते. तिथली म्हातारी फुलवाली नाकावर चष्मा चढवून पत्रक वाचायला लागली आणि तिच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"लेकीचं नाव नाही? इतका जीव टाकायचा हो तिच्यावर. भांडली की काय बापाशी? की मातीलाही येत नाही?"

ओत्ताव्हियोनं तोंड उघडलं. अर्मिदानं त्याचा दंड दाबला. मेलेल्या लेकीला कोणी वाईट म्हटलेलं तिला सोसवेना.

"नाही हो, येतेय ती. लेकराला ताप आहे, म्हणून उशीर. छापणाऱ्याकडून नाव राहिलं."

"मेले हे छापणारे! घ्या, हे पेन घ्या, आत्ता लिहा."

अर्मिदानं लिहिलं, मुलगी नोएमी. वीस वर्षांत हे नाव तिनं कुठेच लिहिलं नव्हतं.

"आणि नातवंडं? त्यांनी काय पाप केलंय?"

अर्मिदाला नावं कुठे माहीत होती! ती पेन धरून नुसती उभी राहिली. तिचा गोंधळ पाहून म्हातारी विरघळली.

"सुचत नाहीये ना, बाई? होतं असं. थोरला एलियो. आणि धाकटीला तर तुमचंच नाव ठेवलंय की. गौदेन्झियोनंच हट्ट धरला होता म्हणे, माझ्या बायकोचंच नाव हवं."

अर्मिदानं एलियो लिहिलं. त्याच्याखाली, नातीच्या जागी, स्वतःचं नाव लिहिता लिहिता ती नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच रडली.