आर-थ्रीवरचे तीन ठोके

आधीच सांगून ठेवतो... खाली कॉमेंटमध्ये ज्यांना "लूज कनेक्शन असेल" किंवा "अर्थिंग चेक केलं का?" असं लिहायचंय, त्यांनी कृपया तसदी घेऊ नये. केलं. सगळं केलं, दोनदा केलं. माझं पोटच त्यावर चालतं.

या ग्रुपवर मी आजवर फक्त वाचायला यायचो. मुंजा, चकवा, पिंपळाखालची बाई वगैरे वाचून बायको घाबरायची आणि मी तिची टर उडवायचो. माझं म्हणणं एकच होतं — सिग्नल आला म्हणजे तो कुठून तरी आला. नीट शोधलं की सापडतो. आज दीड वर्ष झालं, एक सिग्नल मला सापडलेला नाही. म्हणून शेवटी इथे लिहायला बसलोय.

माझं ऑफिस ऐरोलीला, पण काम तळोजा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत. नाव सांगणार नाही. काम असं की कारखान्यातली मीटरं आणि कंट्रोल रूममधला स्क्रीन यांचं आपसातलं बोलणं सुरक्षित करायचं आणि सुटसुटीत करायचं. सुरक्षित म्हणजे बाहेरचा कोणी मध्ये घुसून खोटा आकडा पाठवू शकणार नाही. प्रत्येक मीटर आपल्या आकड्यावर स्वतःची डिजिटल सही करून पाठवतं. सुटसुटीत म्हणजे उगाच बडबड नाही. आकडा बदलला तरच पाठव, नाहीतर गप्प बस. फार क्षुल्लक बदल असेल तर तोही पाठवू नको. याला आम्ही गाळणी म्हणू, कारण पुढे ती बरीच येणार आहे.

त्या प्लांटच्या दुसऱ्या मजल्यावर, लोखंडी जाळीच्या प्लॅटफॉर्मवर, आर-थ्री नावाचा रिॲक्टर आहे, म्हणजे रसायनं तापवायचं मोठं बंद भांडं. रोज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी त्याचं झाकण उघडून आत पावडर टाकतात. उघडण्याआधी आतलं प्रेशर शून्य असायलाच हवं. नसेल तर गरम सॉल्व्हंट झाकण उघडणाऱ्याच्या तोंडावर. हे झाकण उघडायचा संतोष. साताऱ्याकडचा, चाळिशीचा, दोन मुलींचा बाप, कळंबोलीत राहतो.

आता हसुरामदादा. तळोज्याजवळच्याच गावचे, बापाची शेती एमआयडीसीत गेली तेव्हा त्या बदल्यात लागलेले. तीस-बत्तीस वर्षं याच प्लांटमध्ये. त्यांचा रोजचा नेम होता. दुपारी दोनला पाना घेऊन वर यायचं, आर-थ्रीच्या गेजला टिचकी मारायची आणि काटा बघायचा. शेजारी आमचा नवा प्रेशर ट्रान्समीटर, म्हणजे प्रेशर मोजून स्क्रीनला कळवणारं मीटर, बसवला होता. त्याला रिॲक्टरमधून एक बारीक नळी येते. त्या नळीवरही पान्याची मूठ आपटायची. टक-टक... मग थांबून, टक. मग संतोषला म्हणायचं, "खोल." त्यांनी म्हटल्याशिवाय संतोष नटाला हात लावायचा नाही.

मी हे बघितलं आणि रिपोर्टात लिहिलं — दोनचा राउंड अनावश्यक, प्रेशर स्क्रीनवर दिसतं. एका ओळीचं काम. मॅनेजमेंटला तेच हवं होतं. दादांना स्टोअरला बसवलं.

जाताना ते माझ्या टेबलापाशी आले होते. चिडले वगैरे नव्हते.

"सायेब, तुजा स्क्रीन खरा बोलतं, मी कुटं नाय बोलतंय? पन तो जागा हाय का झोपलाय, ता ठोकल्याबिगर कसा समजनार?"

मी लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हटलं, "दादा, ही जुन्या काळची मीटरं नाहीत. ही झोपत नाहीत."

"बरा," म्हणाले आणि गेले. काही महिन्यांनी रिटायर झाले आणि गणपतीनंतर गेलेच. छातीत दुखलं, संपलं. मी अंत्ययात्रेला गेलो नाही. मीटिंग होती.

त्यानंतर आमची शेवटची चाचणी सुरू झाली. अट अशी होती की सलग सात दिवस सिस्टिममध्ये एकही न समजणारा सिग्नल किंवा खोटा अलार्म नको. आला की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. सात दिवस पार पडले की कंपनीची सही, आणि आमचं प्रोजेक्ट पूर्ण. आधीच चार महिने उशीर झाला होता. आमच्या बॉसने स्पष्ट सांगितलं होतं, "या वेळी नाही झालं तर मी दुसऱ्याला पाठवतो. तू मग बघ तुझं." ईएमआय भरणाऱ्या माणसाला एवढं पुरतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला आर-थ्रीच्या शून्याच्या सपाट रेषेवर तीन बारीक टोकं उठली. दोन जवळजवळ, मग जरा जागा सोडून एक.

"सर, हे काय आलं?" कंट्रोल रूमच्या शीतलने विचारलं.

"नॉइज," मी म्हटलं. मोजणी पुन्हा एकवर.

दुसऱ्या दिवशी दोनला परत तेच. केबल बदलली. तिसऱ्या दिवशी परत. अर्थिंग तपासलं, शेजारची मोटर बंद ठेवून बघितली, ट्रान्समीटर काढून नवाकोरा बसवला... ये रे माझ्या मागल्या! दोन वाजले की टोकं हजर. माझा डबा रोज तसाच घरी परत जायला लागला आणि बायको विचारायला लागली की भाजी आवडत नाही का.

कंपनीचा आयटीवाला म्हणाला, हॅकिंग आहे. तीन दिवस त्यात गेले. नेटवर्कवरची एकेक नोंद उघडून बघितली. आणि इथे माझं डोकं खरं फिरलं. त्या तिन्ही टोकांवर ट्रान्समीटरची स्वतःची सही होती. अस्सल. म्हणजे बाहेरून कोणी घातलेली नव्हती, मीटरने ती खरोखर मोजली होती. कोणाला खोटं बोलता येऊ नये म्हणून मी जी व्यवस्था बसवली, तीच मला सांगत होती की हे खरं आहे. यावर भांडणार कोणाशी?

संतोष एकदा हळूच म्हणाला, "सर, रागावू नका... पण ही दादांच्या राउंडची वेळ हाय."

मी रागावलोच. चारचौघांत बोललो. "तुला झाकण उघडायला ठेवलंय ना? तेवढं कर!" त्यानंतर आठवडाभर तो मला फक्त "हो सर" म्हणत होता.

मग मी तो उपाय केला जो आमच्या धंद्यात सगळेच करतात आणि कोणी कबूल करत नाही. गाळणी जाड केली. प्रेशर आम्ही किलोत मोजतो. टोकं एका दशांश किलोपेक्षाही लहान होती, मी सांगितलं की एक दशांशाच्या खालचं काही पाठवूच नको. त्या दुपारी रेषा सपाट. मी चहा मागवला, शीतललाही पाजला.

दुसऱ्या दिवशी टोकं दोन दशांशाची.

मी गाळणी तीनवर नेली. एक दिवस शांत. मग चारची टोकं आली. पाचवर नेली, तर सहाची आली आणि सोबत अलार्म वाजला, कारण अलार्म पाच दशांशालाच होता. दार उघडत नाही म्हणून कोणी जास्त जोरात ठोकावं तसं चाललं होतं. हे वाक्य आज लिहितोय. त्या वेळी मी फक्त शिव्या देत होतो — केबलवाल्याला, मीटर बनवणाऱ्यांना, बॉसला, स्वतःला.

आणि मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. आर-थ्रीचा प्रेशर अलार्म मी स्क्रीनवरून दाबून ठेवला. "चाचणीपुरता" असं रजिस्टरमध्ये लिहिलं. गाळणी एक किलोवर नेली. आता काय ठोकायचं ते ठोक म्हटलं!

सहा दिवस शांततेत गेले. सातव्या दिवशी चार वाजता सही होणार होती. बॉसचा मेसेजही येऊन पडला होता — "आज फायनल ना?" दीड वाजला तसा मी अस्वस्थ झालो. अगदी शेवटच्या दिवशी माती होणार, अशी खात्रीच वाटायला लागली. कोणीतरी स्टाफपैकीच मुद्दाम वर जाऊन नळी ठोकतंय, दादांची बाजू घेऊन मला छळतंय, असंही मनात होतं. म्हटलं, आज रंगेहाथ पकडतो.

दोनला पाच कमी असताना वॉकीटॉकी घेऊन प्लॅटफॉर्मवर गेलो. टळटळीत ऊन होतं. पलीकडे झाकणापाशी संतोष हातमोजे चढवत होता. बाकी कोणी नाही. वर यायला एकच जिना, आणि मी त्याच्या तोंडाशीच उभा. बघू कोण येतो ते, म्हणून मी ती बारीक नळी मुठीत पकडून ठेवली.

दोन वाजले.

टक-टक.

मुठीत लागलं. आवाज नाही आला, किंवा आला असेल तर कळला नाही, पण हाताला लागलं. लोखंडावर लोखंड आपटल्यावर हाडापर्यंत जातं तसं. मी आजूबाजूला बघितलं. मग टक.

वॉकीटॉकीवर शीतल ओरडली, "सर, आला! सव्वा किलो दाखवतंय!... गेला. शून्य झालं परत."

दोन-दहाला झाकण उघडायचं म्हणून संतोषने नट सोडायला घेतले होते. स्क्रीनवर शून्य म्हणजे उघडायचं, हा नियम मीच घालून दिलेला.

का ते मला सांगता येणार नाही, पण त्या क्षणी मी मान वळवून शेजारचं जुनं गेज बघितलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. ते थेट रिॲक्टरवर बसवलेलं आहे, त्याला नळी-बिळी नाही. त्याचा काटा दीड किलोच्या पुढे होता.

"संतोष, हात काढ! खोलू नको! मागे हो!"

एक नट सुटला होता, दुसरा अर्धा. तो पाना टाकून मागे सरला आणि झाकणाच्या कडेतून फुस्स करून वाफ निघाली. त्याच्या बाहीला लागली, अंगाला नाही. आम्ही दोघं जिन्यावरून कसे खाली आलो ते आठवत नाही. खाली आल्यावर तो पायरीवर बसला आणि त्याने सगळ्यात आधी घरी फोन लावला. मुलीला म्हणाला, "काय नाय, सहज केला गं." तेवढं ऐकून मी तिथून बाजूला गेलो, कारण मला रडू येत होतं.

नंतर तपास झाला. वाफ बाहेर सोडणारी लाइन चोंदली होती, म्हणून आत प्रेशर साठलं. ट्रान्समीटरच्या बारीक नळीत मालाचा घट्ट बोळा अडकला होता, म्हणून त्याला प्रेशर कळलंच नाही. तो प्रामाणिकपणे शून्य सांगत राहिला. दादा रोज ठोकायचे तेव्हा तो बोळा बसायच्या आधीच सुटायचा. राउंड बंद झाला आणि बसला. इतकं साधं.

"मग तीच टोकं! बोळा सरकताना येणारच की," असं आमचे सगळे हुशार लोक म्हणाले. येतील. पण दुपारी दोनलाच? रोज तीनच? गाळणी वाढवली की तिच्या वर जाऊन? आणि मग ते सहा दिवस गप्प राहून बरोबर त्याच दुपारी? यावर सगळे विषय बदलतात. रिपोर्टात एक ओळ आहे — "कारण निश्चित झाले नाही." ती मीच लिहिली आहे.

अलार्म दाबल्याचंही मी रिपोर्टात लिहिलं. बॉसने फार ऐकवलं, पण काढलं नाही. सही दीड महिन्याने झाली. त्या मधल्या काळात मी एकदा दादांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोला, काकूंना, सगळं सांगितलं. माफी मागायला गेलो होतो, पण नीट जमलं नाही. शेवटी विचारलं, त्या दिवसानंतर काहीच आलं नाही, असं का?

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्याचा तसाच होता. समोरचा आयकेपर्यंत सोरत नवता, आन् आयकला का परत बोलत नवता. तू आयकलास ना? मंग आता कशाला येल?"

आता दोनचा राउंड पुन्हा सुरू आहे, नियमावलीत लिहून. संतोष पाना घेऊन नळीवर ठोकतो, गेज बघतो, मगच झाकण. आर-थ्रीच्या त्या एका सिग्नलवर मी गाळणी ठेवलेली नाही, जे असेल ते सगळं येऊ दे. दर ऑडिटला शेरा येतो की इथून विनाकारण जादा डेटा येतो, सुधारणा करा. मी "नोंद घेतली" असं उत्तर देतो आणि तसंच ठेवतो.

रविवारी प्लांट बंद असतो, ठोकायला वर कोणी नसतं. घरून लॉगिन करायची सोय मीच बंद केली आहे. म्हणून सोमवारी गेल्या गेल्या मी आधी रविवारची दुपारी दोनची रेषा उघडून बघतो. ती सपाट असते, दर वेळी. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि ते शोधण्यावरून आता मी कोणाशी भांडतही नाही. चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. दादा माझ्या टेबलापाशी उभे राहून हेच सांगत होते, तेव्हा मला मान वर करायला वेळ नव्हता.