कोपरा फाटलेलं पाकीट

मी एकदा पासलीत मेलो. त्या वेळी मी भोरच्या बाजारपेठेत भजी खात होतो.

गोष्ट पन्नासएक वर्षांपूर्वीची. मी भोरला एका किराणा दुकानात कारकुनी करायचो. मोठा भाऊ, दादा, आमच्या गावी, पासलीला, भातशेती बघायचा. त्याला पुण्याच्या एका कारखान्यात नोकरी हवी होती. घरातला एकमेव मॅट्रिक मी (तिसऱ्या खेपेला, पण ते कोणी विचारलं नाही), म्हणून जागा आहे का, हे विचारणारं पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. 'जागा रिकामी असल्यास कळविण्याची कृपा व्हावी,' असं मी लिहिलं. दादाला ते उर्मट वाटलं.

"आदी सायबाच्या घरची खुशाली इचार. थेट नोकरी मागत्यात व्हय?"

शेवटी साहेबांच्या लेकरांना आशीर्वाद लिहिले, तेव्हा त्यानं सही केली.

तरीही उत्तर आलं! जाडसर पाकीट, दादाच्या नावानं, माझ्या दुकानाच्या पत्त्यावर. मी ते फोडलं नाही. दुसऱ्याचं पत्र फोडू नये, एवढं शिक्षण मला होतं. पण तिकिटावर शिक्काच उमटला नव्हता. पुढच्या अर्जाला होईल, म्हणून तेवढा कोपरा अलगद फाडून घेतला आणि पाकीट वेल्ह्याच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिलं. पासलीचं माणूस दिसलं की द्या, म्हणालो.

आमच्याकडे कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे मयताची खबर. ते उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. गावातली असली निम्मी पत्रं मीच लिहायचो. पाकीट घरी पोचवणाऱ्याला एवढंच माहीत, की ते भोरहून आलंय. भोरात आमचं माणूस एकच. आईनं हंबरडा फोडला. धाकट्याचं मरण वाचायचा दादाला धीर झाला नाही. त्यानं पाकीट न उघडताच फाडून ओढ्यात सोडलं आणि भावकीतले चौघे घेऊन तो माझ्या मातीला निघाला.

दुकानासमोर मला भजी खाताना पाहून दादा मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग मीही रडलो. रडणं आवरल्यावर विचारलं, "दादा, कारखान्याचं पत्र मिळालं का?"

"कंचं पत्र?"

कोपरा एसटीच्या दारात अडकून फाटला असेल, असं मी सांगितलं. सगळ्यांना पटलं. त्या एसटीच्या दारात धोतरंही फाटत.

त्याच दिवशी दुसरं पत्र लिहिलं: आधीचे उत्तर गहाळ झाले, कृपया पुन्हा कळवावे. या खेपेला उत्तरासाठी पत्ता पासलीचा. माझ्यावर आता घरच्यांचा भरवसा नव्हता. तिकीट तेच लावलं, खालच्या कागदासकट, भाताच्या खळीनं. उत्तर आलं नाही. दादा जन्मभर भाताच्या चिखलणीत राहिला.

परवा त्याच्या अंगणात बसून हे सगळं एकदाचं सांगून टाकलं. दादा तंबाखू मळत होता.

"ठावं हाय," तो म्हणाला. "त्ये दुसरं पत्र जुन्या तिकिटापायी बैरंग हून माझ्याकडंच माघारी आलं. सायबानं दंड भरून घेतलंच न्हाई. तिकिटाखाली पैल्या पाकिटाचा तुकडा तसाच."

"मग तवाच का बोलला न्हाईस?"

"काठी घिऊन भोरला निघालोच व्हतो. पर म्हटलं, ह्याच्यासाठी एकदा रडून झालंय. खरंच मेला तर परत रडावं लागंल."

घरी येऊन पोरांना बजावून ठेवलंय: मी गेल्यावर दादाला नुसता निरोप धाडू नका. तो आधी भज्यांच्या गाडीवर बघून येईल.